३,५५० जाहीर, २,४८० हातात: एफआरपीचं मधलं गणित

मोहोळ तालुक्यातल्या एका ऊस उत्पादकाचा प्रश्न असा: "२०२५-२६ ची एफआरपी ३,५५० रुपये टन जाहीर झाली. माझ्या बिलावर दर पडला २,४७९ रुपये ७० पैसे. कारखाना म्हणतो, आम्ही शंभर टक्के एफआरपी दिली. शेतकरी संघटनेचे लोक म्हणतात, लुटलं. एफआरपी म्हणजे हमीभावच ना? मग हजार रुपये गेले कुठं?"

साखर कारखान्याच्या हिशोब खात्यात माझी नोकरीची वर्षं गेली. आता शेतकऱ्यांची बिलं आणि कारखान्यांचे ताळेबंद, दोन्ही तपासून देतो. हा प्रश्न आपल्या सोलापूर जिल्ह्यात दर डिसेंबरात नव्यानं उभा राहतो. त्यामुळे जरा तपशिलात लिहितो. एफआरपी म्हणजे रास्त व किफायतशीर दर, कारखान्यानं उसाला द्यायलाच हवा असा केंद्रानं ठरवलेला किमान दर.

तुमचं बिल बघितल्यावर पहिली गोष्ट सांगतो ती ही, की ३,५५० हा दर नाही. तो दर काढायच्या सूत्रातला एक आकडा आहे. केंद्र सरकार "३५५ रुपये क्विंटल, १०.२५ टक्के उताऱ्याला" असं जाहीर करतं. पेपरच्या मथळ्यात वाक्याचा पहिला अर्धा भाग छापून येतो आणि सगळा घोळ राहिलेल्या अर्ध्या भागात असतो. उतारा म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली. तो १०.२५ च्या वर गेला, तर दर ०.१ टक्क्याला क्विंटलमागं ३ रुपये ४६ पैसे वाढतात आणि खाली आला तर तेवढेच कमी होतात. ही घसरण ९.५ टक्क्यांवर थांबते. त्याखाली उतारा कितीही गेला तरी ३२९ रुपये ५ पैसे क्विंटल द्यावेच लागतात. म्हणून एफआरपी देशाला एक नसते, राज्याला नसते, जिल्ह्यालाही नसते. प्रत्येक कारखान्याची आपापली असते.

तुमच्या कारखान्याचा मागच्या हंगामाचा सरासरी उतारा ९.७० आहे. १०.२५ मधून ९.७० वजा केले की ०.५५ उरतात, म्हणजे साडेपाच वेळा ३.४६, म्हणजे १९ रुपये ३ पैसे. ३५५ मधून ते गेले, उरले ३३५ रुपये ९७ पैसे क्विंटल. टनाला ३,३५९ रुपये ७० पैसे. ही झाली तुमच्या कारखान्याची गेटवरची एफआरपी. कायद्यातला दर कारखान्याच्या गेटवर पोच उसाचा आहे. उत्तर प्रदेशात शेतकरी स्वतः ऊस तोडून ट्रॉलीनं गेटवर किंवा खरेदी केंद्रावर नेतो. आपल्याकडं ऊसतोडीच्या टोळ्या कारखाना लावतो, टोळीच्या मुकादमाला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कारखाना देतो, वाहनांचे करार कारखाना करतो आणि तो खर्च बिलातून कापून घेतो. तुमच्या बिलात तोडणी-वाहतूक ८८० रुपये लागली आहे. ३,३५९.७० वजा ८८०, उत्तर २,४७९.७०. पैशापर्यंत जुळतं.

म्हणजे कारखाना म्हणतो ते खरं आहे, एफआरपी दिली आहे. त्या अर्थानं लूट झालेली नाही. पण प्रश्न तेवढ्यावर मिटत नाही. उतारा ९.७० च का आणि तोडणी-वाहतूक ८८० च का, हे दोन आकडे कारखान्याच्या टेबलावर तयार होतात. दिल्लीतला ३५५ जगाला दिसतो, हे दोन कुणाला दिसत नाहीत. भांडायचं असेल तर इथं भांडावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुलनेला कोल्हापूरकडचा १२ टक्के उताऱ्याचा एखादा कारखाना धरा. १०.२५ च्या वर १.७५, म्हणजे साडेसतरा वेळा ३.४६, म्हणजे ६० रुपये ५५ पैसे जास्त. त्याची गेटवरची एफआरपी टनाला ४,१५५ रुपये ५० पैसे होते. म्हणजे त्याच देशातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच "३,५५०" मधून तुमच्यात आणि त्यांच्यात टनामागं जवळजवळ ८०० रुपयांचा फरक पडतो. तिकडचा पाहुणा लग्नात भेटला आणि "आमच्याकडं तीन हजार चारशे पडलं" म्हणाला, की आपल्याकडचा माणूस लगेच "आमचा चेअरमन चोर हाय" म्हणतो. असेलही. पण या फरकातला मोठा भाग उताऱ्याचा आहे.

उतारा आपल्याकडं का पडतो, त्याला कारणं आहेत. हवामान आणि जमीन हे एक. पंचगंगेकाठची थंड रात्र आपल्याला मिळत नाही, आणि उजनीचं पाणी आल्यापासून कालव्याकाठच्या बऱ्याच जमिनी क्षारावर गेल्या आहेत. वाण हे दुसरं. को ८६०३२ उताऱ्याला चांगला, पण फुले २६५ क्षाराच्या जमिनीत तग धरतो आणि टनेज देतो, म्हणून आपल्याकडं तो भरपूर. मात्र २६५ उशिरा पक्व होतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याला कोयता लावला की साखर भरलेलीच नसते. तिसरं कारण आपलंच. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात आहेत. अकलूज, माळीनगर, श्रीपूर, गुरसाळे, टाकळी सिकंदर, अनगर, कुमठे, मंगळवेढा अशी जुनी नावं आहेतच आणि त्यात गेल्या वीसेक वर्षांत खासगी कारखान्यांची भर पडली. ऊस ठरलेला आणि गव्हाणी, म्हणजे कारखान्यात ऊस टाकायच्या जागा, जास्त. मग शेजारच्यानं नेण्याआधी आपण तोडू, या घाईत कोवळा ऊस गाळला जातो. त्यात तोडून ठेवलेला ऊस रस्त्यात किंवा गव्हाणीसमोर दोन-दोन दिवस वाळतो. वाळलेल्या उसाचं वजनही घटतं आणि साखरही. वजनाचा तोटा तुमचा, आणि उताऱ्याचा तोटा पुढच्या वर्षी सगळ्या सभासदांचा, कारण पुढच्या हंगामाचा दर या हंगामाच्या उताऱ्यावर बसतो.

इथं इथेनॉलचाही मुद्दा आहे. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर बी-हेवी मळी (साखर पूर्ण न काढता मधेच वेगळी केलेली मळी) आणि थेट उसाच्या रसापासून इथेनॉल करायला वाट मोकळी झाली. मळी बी-हेवीवर काढली की काही साखर मळीतच राहते, पोत्यात येत नाही. पोत्यात आलेली साखर मोजून उतारा काढला तर तो खोटाच कमी दिसणार. त्यामुळे इथेनॉलकडं वळवलेली साखर हिशोबात धरूनच एफआरपीसाठीचा उतारा काढायचा असतो. वार्षिक अहवालात दोन उतारे दिसले तर दचकू नका, पण बिल कोणत्या उताऱ्यावर काढलं हे जरूर विचारा. या एका प्रश्नानं हिशोब खात्यातला माणूस सावरून बसतो, हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बघितलेलं आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न, एफआरपी म्हणजे हमीभावच का? बोलीत दोन्हीला हमीभाव म्हणतात, आणि तिथंच गफलत होते. ज्वारी, तूर, हरभरा यांना किमान आधारभूत किंमत असते. ती सरकारनं आपल्या खरेदीसाठी स्वतःवर घातलेली अट आहे. सोलापूरच्या बाजार समितीत एखाद्या व्यापाऱ्यानं आधारभूत किमतीच्या खाली तूर घेतली, तर त्या किमतीच्या जोरावर तुम्ही त्याच्याकडून फरक वसूल करू शकत नाही. कांद्याला तर तीही नाही, सिद्धेश्वर बाजार समितीत पहाटे बोली होईल तो भाव. उसाचं उलटं आहे. सरकार स्वतः एक कांडंही विकत घेत नाही, पण कारखान्यानं एफआरपीपेक्षा कमी दिलं तर तो कायदा मोडतो. जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५, त्याखालचा ऊस नियंत्रण आदेश १९६६, आणि त्या आदेशातलं कलम ३ हा त्याचा आधार. म्हणून एफआरपी हमीभावापेक्षा कडक आहे. मात्र तिचा पैसा सरकारच्या तिजोरीतून येत नाही, कारखान्याच्या साखरेतून येतो. मंत्री "सरकारनं उसाला एवढे दिले" असं भाषणात म्हणतात तेव्हा क्रियापद चुकतं. सरकारनं द्यायला लावले.

एफआरपीआधी जी होती तिला एसएमपी म्हणायचे, वैधानिक किमान किंमत. २००८-०९ ला ती ९ टक्के उताऱ्याला ८१ रुपये १८ पैसे क्विंटल होती. त्या काळात आदेशात कलम ५अ होतं. हंगाम संपल्यावर जादा नफा झाला तर त्यात शेतकऱ्याला वाटा, असं ते सूत्र. ऑक्टोबर २००९ मध्ये आदेश बदलला, ५अ गेलं, आणि "शेतकऱ्याला जोखीम व नफ्यापोटी वाजवी मोबदला" हा मुद्दा दराच्या सूत्रातच घातला. नाव झालं रास्त व किफायतशीर दर, म्हणजेच एफआरपी. पहिल्या वर्षी, २००९-१० ला, साडेनऊ टक्के उताऱ्याला १२९ रुपये ८४ पैसे. थोडक्यात, मागून मिळणारा बेभरवशाचा वाटा काढून पुढून मिळणारी ठरलेली रक्कम वाढवली. हा सौदा शेतकऱ्याच्या फायद्याचा झाला, असं मी मानतो. कारण ५अ चे पैसे कागदावर निघायचे आणि कोर्टात अडकायचे.

त्या बदलात केंद्रानं एक खुंटी मारून बघितली होती. एखाद्या राज्यानं एफआरपीपेक्षा जास्त दर जाहीर केला तर वरचा फरक त्या राज्यानंच भरावा. उत्तर प्रदेश, हरियाणा, पंजाब ही राज्यं आपापला दर ठरवतात, त्याला एसएपी म्हणजे राज्य सल्ला दर म्हणतात. नोव्हेंबर २००९ मध्ये तिकडचे शेतकरी दिल्लीत उतरले, संसद अडली, आणि केंद्राला ती तरतूद मागं घ्यावी लागली. महाराष्ट्रात एसएपी नाही. म्हणून "यूपीत उताऱ्याचं काही बघत नाहीत, मग आपल्याकडं का" असं कुणी म्हणालं तर उत्तर हे, की तिथला दर दुसऱ्या रस्त्यानं येतो आणि त्यात तोडणी-वाहतुकीची अशी कपातही नसते. ते दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये.

दर कोण ठरवतं? कृषी खर्च व मूल्य आयोग शिफारस करतो, केंद्रीय मंत्रिमंडळाची आर्थिक व्यवहार समिती मंजूर करते. उत्पादन खर्च, इतर पिकांचं उत्पन्न, साखरेचा भाव, उतारा, मळी, बगॅस (उसाचं चिपाड) आणि प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) यांचं उत्पन्न, ग्राहकाला साखर परवडणं, असं सगळं त्यात धरतात. २०२५-२६ साठी उत्पादन खर्च धरला १७३ रुपये क्विंटल, आणि सरकारी निवेदनात "खर्चाच्या वर १०५.२ टक्के" असं लिहिलं. हा खर्च ए२ अधिक एफएल पद्धतीचा आहे, म्हणजे खिशातून गेलेला पैसा आणि घरच्या माणसांची मजुरी. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याज त्यात नाही. शिवाय ती देशाची सरासरी आहे. सोळा-अठरा महिने रानात उभ्या असलेल्या तुमच्या आडसालीचा खर्च तिच्यात विरघळून जातो.

आणखी एक बारकी गोष्ट, जी आंदोलनाच्या व्यासपीठावरून फारशी कुणी सांगत नाही. एफआरपी आल्यापासून पायाभूत उतारा दोनदा वर सरकला आहे. २०१७-१८ ला एफआरपी ९.५ टक्क्यांना २५५ होती. २०१८-१९ ला ती २७५ झाली, पण १० टक्क्यांना. साडेनऊ उताऱ्याच्या कारखान्याला त्या वर्षी मिळाले २६१ रुपये २५ पैसे. मथळा २० रुपये वाढीचा, खरी वाढ सव्वासहा रुपयांची. २०२२-२३ ला पुन्हा तेच झालं. २९० चे ३०५ झाले, पाया १० चा १०.२५. साडेनऊवाल्याला २७५.५० चे २८२ रुपये १२ पैसे. पंधराच्या जागी साडेसहा. कमी उताऱ्याच्या सोलापूरला याचा फटका जास्त जाणवतो, असं लोक म्हणतात. खरं म्हणजे रुपयांत तो सगळ्यांनाच बसतो, पण कोल्हापूरवाला पायाच्या वर असल्यामुळे त्याच्या बिलावर आकडा जाहीर दरापेक्षा मोठा दिसतो आणि आपल्याकडं लहान.

एफआरपी हा शब्द वेगवेगळ्या तोंडी वेगळा वापरला जातो, तेही लक्षात घ्या, नाहीतर बातम्या कळत नाहीत. संघटना "एकरकमी एफआरपी" म्हणते, त्याचा अर्थ चौदा दिवसांत, एकाच हप्त्यात, पूर्ण. "एफआरपीचे तुकडे" म्हणजे तीच रक्कम दोन-तीन हप्त्यांत. "एफआरपी अधिक दोनशे" म्हणजे कायद्याच्या वरची मागणी. ही मागणी आंदोलनाच्या जोरावर मिळते, कायद्याच्या नाही. "पहिली उचल", म्हणजे ऊस बिलाचा पहिला हप्ता, हा सगळ्यात फसवा शब्द. चेअरमन हंगाम सुरू होताना मोळी पूजनाच्या दिवशी "पहिली उचल अठ्ठावीसशे" म्हणतात, तेव्हा ती निव्वळ एफआरपीपेक्षा, म्हणजे तोडणी-वाहतूक वजा जाता उरणाऱ्या रकमेपेक्षा, जास्त आहे की कमी, हे उतारा बघितल्याशिवाय कळत नाही. तुमच्या कारखान्याची निव्वळ एफआरपी २,४८० असेल तर २,८०० म्हणजे तीनशेवीस जास्त. तेच कोल्हापुरात जाहीर केलं तर ती थकबाकी ठरेल. आणि कारखानदार "एमएसपी वाढवा" म्हणतात तेव्हा ते तुमच्या पिकाबद्दल बोलत नसतात. ती साखरेची किमान विक्री किंमत. जून २०१८ मध्ये ती किलोला २९ रुपये ठरली, फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१. त्या हंगामाला एफआरपी २,७५० होती. एप्रिल २०२५ मध्ये ३,५५० जाहीर झाली तेव्हाही साखरेची किंमत ३१ च होती.

यावरून कारखान्याची बाजूही थोडी सांगायला हवी. तुमच्या एक टन उसातून ९७ किलो साखर निघते. ३१ नं धरली तर ३,००७ रुपये. एफआरपी ३,३६०. म्हणजे साखर किमान किमतीला विकली तर कामगारांचा पगार, दुरुस्ती, व्याज हे सगळं सोडाच, उसाचे पैसेही निघत नाहीत. बाजारात ३७ मिळाले तर ३,५८९. त्यात मळी-बगॅसचे चार-साडेचारशे धरा. खेळ चालतो तो या फरकावर. हे मी कारखान्याच्या कैवारानं लिहीत नाही. टनाला दोनशे-तीनशे वाढवून मागताना तो पैसा साखरेच्या भावातून येणार, डिस्टिलरीतून येणार की पुढच्या वर्षीच्या कर्जातून, हे विचारता यावं म्हणून लिहितो. तिसऱ्या मार्गानं आलेला दर एका हंगामापुरता गोड लागतो.

थकबाकी कशी होते, तेही इथंच कळतं. कारखाना साखर गोदामात ठेवून बँकेकडून तारण कर्ज घेतो. बँक पोत्याचं मूल्यांकन करते, त्याच्या ठरावीक टक्के रक्कम देते, त्यातून जुन्या कर्जाचे हप्ते टॅगिंगनं, म्हणजे परस्पर, आधीच कापते, आणि उरतं त्यातून ऊस बिल. जुनी कर्जं जेवढी जास्त, तेवढी बिलाला येणारी रक्कम कमी. साखर विकल्यावर पहिला हक्क बँकेचा.

कायदा मात्र तुमच्या बाजूनं स्पष्ट आहे. ऊस पोच झाल्यापासून १४ दिवसांत पैसे. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. नाहीच दिले तर साखर आयुक्त कलम ३(८) खाली वसुली प्रमाणपत्र काढतात. आपण ज्याला आरआरसी म्हणतो ती हीच. मग जिल्हाधिकारी जमीन महसुलाची थकबाकी असल्यासारखी वसुली करतात, म्हणजे साखर, मळी, बगॅस जप्त करून विकता येतं. प्रत्यक्षात १५ टक्के व्याज हातात पडलेला शेतकरी शोधावा लागतो, आणि आरआरसी निघाल्यावर तहसीलदार गोदामावर गेले की तिथं बँकेची पाटी असते. तरीही अर्ज करावा. आरआरसीचा धाक हा चेअरमनला पैसे उभे करायला लावणारा सगळ्यात उपयोगी कागद आहे.

या चौदा दिवसांना एक पळवाट आहे, आणि ती तुमच्याच सहीनं उघडते. आदेशात "पक्षांमध्ये लेखी करार नसेल तर" चौदा दिवस, असे शब्द आहेत. ऊस नोंदीच्या वेळी चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा गावातला कर्मचारी, जो फॉर्म पुढं करतो, त्यातल्या बारीक अक्षरांत हप्त्याहप्त्यानं पैसे घ्यायला मी तयार आहे, असं वाक्य असू शकतं. गुजरातेत बारडोली-गणदेवीकडं सहकारी कारखाने हप्त्यांनीच देतात आणि शेतकरी कुरकुर करत नाही, कारण शेवटचा आकडा घसघशीत असतो. तो विश्वास आपल्याकडं नाही. म्हणून फॉर्म वाचून सही करा, नको ते वाक्य खोडा, आणि फोटो काढून ठेवा.

राज्य सरकारनंही २१ फेब्रुवारी २०२२ च्या निर्णयानं दोन हप्त्यांची सोय केली होती. पुणे आणि नाशिक विभागात १० टक्के उतारा धरून पहिला हप्ता, बाकीच्या विभागांत साडेनऊ धरून, आणि हंगाम संपल्यावर त्या वर्षीचा खरा उतारा बघून उरलेला. माजी खासदार राजू शेट्टी यांनी त्याला आव्हान दिलं आणि मुंबई उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये तो निर्णय रद्द केला. यात एक मजा आहे. १२ उताऱ्याच्या कोल्हापूर-सांगलीला १० धरून पैसे दिले की टनाला सहाशे-साडेसहाशेच्या आसपास रक्कम हंगाम संपेपर्यंत अडकायची. आपला उतारा मुळात १० च्या खाली. आपलं त्या निर्णयानं तेवढं अडकत नव्हतं. आंदोलनाच्या घोषणा कोल्हापूरकडच्या जयसिंगपूरच्या ऊस परिषदेतून येतात आणि आपण त्या जशाच्या तशा पंढरपुरात देतो. सोलापूरचं दुखणं तुकड्यांपेक्षा उताऱ्याचं आणि तोडणी-वाहतुकीचं आहे, आणि त्याच्यावर घोषणा बसवणं अवघड.

तोडणी-वाहतुकीचं बघू. कारखाना सगळ्या उसाचा एकूण खर्च काढून तो सगळ्यांवर सरासरीनं लावतो. तुमचं शेत गेटपासून सहा किलोमीटरवर असलं तरी साठ किलोमीटरवरून आणलेल्या उसाचं भाडं तुमच्या बिलात बसतं. कारखाने जास्त, म्हणून ऊस लांबून ओढून आणतात, जिल्ह्याबाहेरून आणतात. त्या ओढाताणीचा खर्च जवळच्या सभासदानं का सोसावा, हा माझ्या मते आपल्या जिल्ह्यातला खरा राजकीय प्रश्न आहे. त्या रकमेत मुकादमांकडं बुडालेल्या उचलींचा भाग धरला आहे का, तेही तपासायला हवं. वार्षिक सभेत अहवालाच्या खर्चपत्रकात तोडणी-वाहतुकीचा एकूण आकडा असतो. त्याला गाळपाच्या टनांनी भागा. जे उत्तर येईल ते आणि बिलातली कपात यांत फरक निघाला तर लेखी विचारा. शिवाय टोळीची खुशाली, ड्रायव्हरची एंट्री हे तुम्ही रानात रोख देता ते कुठल्याच कागदावर येत नाही. ते धरलं तर तुमचा २,४८० आणखी खाली जातो.

तुम्ही आरएसएफबद्दल, म्हणजे कारखान्याच्या उत्पन्नात वाटा देणाऱ्या सूत्राबद्दल, विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच येणार. केंद्राच्या रंगराजन समितीनं २०१२ मध्ये सुचवलेलं सूत्र महाराष्ट्रानं २०१३ च्या कायद्यानं घेतलं. साखर आणि मळी, बगॅस, प्रेसमड यांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा शेतकऱ्याचा, किंवा नुसती साखर धरली तर ७५ टक्के. मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालचं ऊस दर नियंत्रण मंडळ ते बघतं. हा आकडा एफआरपीपेक्षा जास्त निघाला तर फरक द्यायचा, कमी निघाला तर एफआरपी आहेच. तुमच्या ९७ किलोला ३७ चा भाव धरला तर ३,५८९ चे ७५ टक्के, २,६९२. एफआरपी ३,३६० च्या किती खाली आहे ते बघा. साखर कारखान्याच्या दारात ४५-४६ रुपयांच्या वर गेल्याशिवाय या सूत्रातून आपल्याला काही मिळणार नाही. इथेनॉलचा पुढचा नफाही त्यात नाही, मळीच्या किमतीपर्यंतच हिशोब थांबतो. इथेनॉलचा वाटा मागणाऱ्यांचं म्हणणं म्हणूनच चुकीचं नाही.

एफआरपीच्या वर दिलेल्या पैशाची एक जुनी भानगड होती. आयकर खातं म्हणायचं, ठरलेल्या दरापेक्षा जास्त दिलं तो खर्च नाही, नफ्याचं वाटप आहे, कर भरा. सहकारी कारखान्यांवर वर्षानुवर्षं नोटिसा. २०१५ च्या वित्त कायद्यानं, सरकारनं ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या दरापर्यंतची रक्कम खर्च धरायला मान्यता मिळाली, आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात २०१६-१७ च्या आधीच्या वर्षांचीही सूट दिली, सुमारे १०,००० कोटींचा दिलासा म्हणून. आता जादा दर द्यायला कराची भीती हे कारण सहकारी चेअरमननं सांगू नये.

तुमच्यापुरतं काम इतकंच. मागच्या हंगामाचा अंतिम उतारा, तो इथेनॉल धरून आहे का हे, आणि तोडणी-वाहतुकीचा लेखापरीक्षित आकडा, या तीन गोष्टी कारखान्याला लेखी मागा. अर्जाची पोच घ्या. उत्तर आलं नाही तर सोलापूरच्या प्रादेशिक सहसंचालक, साखर यांच्याकडं, आणि तिथंही हललं नाही तर पुण्याच्या साखर संकुलात आयुक्तांकडं. वजनाची शंका असेल तर बाहेरच्या काट्यावर वजन करून मग गाडी गेटवर न्या. बाहेर वजन केलेला ऊस नाकारायचा नाही, अशा आयुक्तालयाच्या सूचना आहेत. बिलातल्या बाकीच्या कपाती, सोसायटीची वसुली, परतीची किंवा बिनपरतीची ठेव, या एफआरपीच्या हिशोबाबाहेरच्या आहेत. त्यांतली कुठली तुमच्या संमतीशिवाय लागली असेल तर ते वेगळं प्रकरण. त्याचं बिल पाठवा, बघून सांगतो.